आत्याचं कोरं कापड

माझ्या प्रत्येक प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘ह्या निर्मितीची मुळं घराण्याच्या हातकामात आहेत.’ ते वाक्य माझंच. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा जरा लाजत म्हणाले. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर कुणी ‘कशा आहात’ विचारलं तरी माझ्या तोंडून मुळंच बाहेर पडायची. लोकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं. आपण मुळांविषयी इतकं बोलतो म्हणजे ती आपल्याला दिसत असणार, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते.

मग एका दुपारी माझी आत्या प्रदर्शन बघायला आली, आणि मला असा काही धक्का बसला की त्यातून मी आजही पुरती सावरलेली नाही. आता आत्या नाही. ती असती तर हे लिहायची माझी छाती झाली नसती. तिनेच मला बजावलं होतं, ‘मी असेपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही. मी गेल्यावर काय ढोल बडवायचे ते बडव.’ तर हा ढोल.

आमचं घराणं रफूवाल्यांचं. दुकान पुढे, घर मागे आणि वर. पुढच्या खोलीत लाकडी फळीमागे आधी आजोबा बसायचे, नंतर माझे वडील. गिऱ्हाईक कोट, शाल, पँट घेऊन यायचं, भोकात बोट घालून दाखवायचं आणि घरातलं कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करायचं. वडील कापड दोन बोटांत चोळून बघायचे, ‘होईल’ म्हणायचे आणि पावती फाडायचे. मग ते कापड पडद्यामागे मागच्या खोलीत जायचं. तिथे उत्तरेकडच्या खिडकीखाली आत्या बसलेली असायची. दुकानाच्या पाटीवर आजोबांच्या नावापुढे ‘आणि मुलगे’ असं लिहिलं होतं. आजोबांना मुलगा एकच. बाकीचे मुलगे म्हणजे आत्या.

तिच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग लटकत असायचं, म्हणून घरात ती भिंगआत्या. अंगाने किरकोळ, मान कायम किंचित डावीकडे कललेली, आणि जीभ अशी की तिच्यापुढे सुई बोथट वाटावी. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की म्हणायची, ‘उजेड असतो तेव्हा मी कामात असते आणि अंधारात मला कुणी पसंत पडत नाही.’ मला ती घाईबाई म्हणायची, कारण दोऱ्याचं टोक नीट वळायच्या आधीच मी ते सुईत घालायला जायचे आणि मग सुईवर चिडायचे. ‘त्या सुईने तुझं काय घोडं मारलंय, घाईबाई?’

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधीच सांगते, कारण शिकलेली माणसंसुद्धा ही चूक करतात. ठिगळ म्हणजे भोकावर झाकण. रफू म्हणजे भोकाच्या जागी पुन्हा कापड विणणं. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागेतून, एकेक धागा सोडवायचा. आधी उभे धागे बसवायचे, मग आडवे, एक वर एक खाली, मूळ विणीची जी चाल असेल तीच धरून. टोकं उलट्या बाजूला अशी जिरवायची की तिथेही बोटाला लागू नयेत. नाण्याएवढ्या भोकाला अख्खा दिवस जातो.

आणि आमच्या घरात एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. रफूची स्तुती करायची नाही. स्तुती केली म्हणजे ते दिसलं, आणि दिसलं म्हणजे फसलं. एखादं भाबडं गिऱ्हाईक ‘वा, काय सुरेख रफू झालंय’ म्हणालं की आजोबांचा चेहरा उतरायचा. ते हात पुढे करून म्हणायचे, ‘आणा इकडे. परवा या.’ आणि आत्या ते सगळं उसवून नव्याने करायची. गिऱ्हाईक बिचारं चक्रावून जायचं.

आमच्याकडची खरी शाबासकी निराळी होती. एकदा एक लठ्ठ गृहस्थ कोट न्यायला आले. सिगारेटने छातीवरच भोक पडलेलं होतं. त्यांनी कोट उलटापालटा केला, दारात उजेडात नेला आणि तावातावाने परत आले. ‘हा माझा कोट नाही. तुम्ही बदललात. माझ्या कोटाला भोक होतं!’ वडिलांनी परोपरीने समजावलं. शेवटी पडद्यामागून आत्या ओरडली, ‘आतल्या खिशात बघा, तुमच्या कवळीची पावती असेल.’ होती. गृहस्थ कोट घेऊन गेले, पण रस्त्यावर पोचेपर्यंत तीनदा मागे वळून बघत गेले. त्या दिवशी आजोबा संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते.

अशा घरात मी वाढले, आणि मला लहानपणापासून कौतुकाची भूक. म्हणजे भुकेल्याने उपासाच्या घरी जन्म घ्यावा तसं. मी रफू शिकले, पण माझा हात त्यात कधी रमला नाही. चित्रकलेच्या शाळेत गेले, दहाबारा वर्षं रंगांशी मारामारी केली, कुणी ढुंकून बघितलं नाही. शेवटी वैतागून एका करड्या कापडात मोठं भोक पाडलं आणि ते लालभडक दोऱ्याने विणून काढलं. रफूच, पण गळा काढून ओरडणारं. ते मात्र लोकांना दिसलं. लेख आले, प्रदर्शनं झाली, आणि मुळांबद्दलचं ते वाक्य तयार झालं.

पहिलं लाल रफू घेऊन मी धावत आत्याकडे गेले होते. तिने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘छान दिसतंय.’

आमच्या घरात! मी चार महिने तिच्याशी बोलले नाही.

नंतर बोलणं सुरू झालं, कारण वडील गेले आणि तिला मी आणि मला ती एवढंच उरलं. पण माझ्या एकाही प्रदर्शनाला ती आली नाही. ‘दुकान कोण बघेल?’ हे ठरलेलं उत्तर. मी दरवेळी बोलवायचे, दरवेळी तेच ऐकायचे आणि दरवेळी रडकुंडीला यायचे. जगाने डोक्यावर घेतलं तरी मला एकाच बाईच्या तोंडून ऐकायचं होतं, की मी ह्या घरातली आहे. नुसती जन्माने नाही, हाताने. वय पन्नाशीला टेकलं होतं आणि हट्ट पाच वर्षांच्या पोरीचा. पण होता खरा.

मग आत्याचे डोळे गेले. पूर्ण नाही, डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेचं तेवढं दिसायचं. ‘म्हणजे आता सगळ्या जगाकडे तिरकं बघायचं,’ आत्या म्हणाली. ‘आजवर काय सरळ बघत होतीस?’ मी म्हणाले. दोघी हसलो. त्याच आठवड्यात तिने दुकान बंद केलं.

मागची खोली रिकामी करायला मी गेले. ती खाटेवर बसून हुकूम सोडत होती. सुया ह्याला, इस्त्री त्याला, पडदा जाळून टाक. शेवटी खिडकीखालची लाकडी पेटी उरली. ‘ती तुझी,’ ती म्हणाली. ‘आतलं सगळं तुझं.’

‘काय आहे त्यात?’

‘कापडं. बघ तू.’

‘बघ तू’ एवढंच. पुढे ह्या दोन शब्दांवर मी किती डोकं आपटलं ते माझं मला ठाऊक.

पेटी मी माझ्या कामाच्या खोलीत नेऊन उघडली. वर अस्तरांचे तुकडे, बटणांच्या पुड्या, कसर लागलेली एक शाल. तळाशी एक करडं लोकरी कापड, लहानशा टेबलावर पसरेल एवढं. दुमड नाही, काठ नाही, चारी बाजू वेड्यावाकड्या. पण आतलं कापड निखळ, एकसारखं, हाताला भरीव लागणारं. मधल्या भागात एके ठिकाणी बारीकशी गाठ होती, तेवढाच काय तो डाग. मला आनंद झाला. एवढ्या फाटक्यातुटक्यात एक तरी कोरं कापड सापडलं! जुन्या गिरण्यांचा माल असाच घट्ट असायचा, असं स्वतःला सांगून मी मोकळी झाले.

मी ते कोमट पाण्यात धुतलं. वाळवलं. पट्टी लावून खडूने रेघा मारल्या आणि मोठ्या कात्रीने त्याचे नऊ चौकोन केले. चहा गार व्हायच्या आत काम झालं. मग प्रत्येकाच्या कडा थोड्या विसविशीत दिसाव्यात म्हणून धागे ओढले. धागे धड निघेनात. बोटाच्या पेराएवढे तुकडे पडून हातात यायचे. ‘मेलं जुनं कापड, कुजलंय,’ मी म्हणाले. रफूवाल्याची मुलगी मी, आणि हे मी माझ्या तोंडाने म्हणाले. मग प्रत्येक चौकोनात एक भोक पाडलं, लाल दोऱ्याने भरलं, नऊही तुकडे लाकडी चौकटींवर ताणले आणि त्या मालिकेला नाव दिलं ‘कोरं’.

प्रदर्शन उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी एका समीक्षकाने लिहिलं, ‘अस्पर्श, मुक्या कापडावर इथे एक हात पहिल्यांदाच बोलतो.’ सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं ही, पण मी ते वाक्य कापून भिंतीवर चिकटवलं.

आणि तिसऱ्या दिवशी आत्या आली. आता दुकानाची सबब उरली नव्हती. मीच टॅक्सीने आणलं. दुपारची वेळ, गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. गॅलरीच्या मालकीणबाई तेवढ्या आतल्या टेबलाशी बसल्या होत्या. आत्या मान वळवून, डोळ्यांच्या कडेने एकेक काम बघत पुढे सरकत होती. मी शाळेतल्या मुलीसारखी तिच्या मागून चालत होते. नऊ चौकटींपाशी ती थांबली.

‘हात लावू?’

मालकीणबाई ‘नको’ म्हणायच्या आत मी ‘लाव’ म्हणाले.

तिने लाल रफूला हात लावलाच नाही. शेजारच्या करड्या कापडावर अंगठा ठेवला आणि हळूहळू फिरवला. मग दुसऱ्या चौकटीवर. तिसऱ्या चौकटीत खालच्या कोपऱ्यापाशी अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा गेला.

‘हे पेटीतलं?’

‘हो.’

‘किती तुकडे केलेस?’

‘नऊ.’

‘कात्रीने?’

‘मग काय दातांनी?’ मी म्हणाले. मला वाटलं, नेहमीची थट्टा चाललीय.

आत्या खुर्ची चाचपून बसली. हात मांडीवर घेतले. ‘कापताना तुला काहीच वाटलं नाही?’

‘वाटायचं काय त्यात? कोरं तर होतं. गिरणीचं जुनं कापड.’

‘कोरं,’ ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी सावकाश, ‘तुला कोरं वाटलं.’

‘आत्या, काय झालं?’

‘तिथे खाली एक गाठ आहे.’

‘माहितेय. विणीतला दोष आहे, गिरणीत कधी कधी—’

‘गिरणीत नाही. मी अकरा वर्षांची होते. माझं पहिलं भोक ते. त्या गाठीसाठी बाबांनी डोक्यात टपली मारली होती.’

मला खरोखर कळलं नाही. आज सांगताना लाज वाटते, पण नाहीच कळलं. मी विचारलं, ‘म्हणजे तिथे रफू आहे?’

‘तिथे,’ आत्या म्हणाली, ‘आणि बाकी सगळीकडे.’

मी हसले. माणूस हसतो ना, एखादी गोष्ट डोक्यात शिरत नाही तेव्हा, तसं. ती म्हणाली, ‘कडेचा एक धागा ओढ.’ मी पहिल्या चौकटीच्या कडेचा धागा नखात धरून ओढला. पेराएवढा तुकडा हातात आला. दुसरा ओढला. तेवढाच. तिसरा. मी दुसऱ्या चौकटीकडे गेले, मग पाचवीकडे, मग शेवटच्या. अख्ख्या कापडाचा धागा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, हे आमच्या घरात पोरांना अ-आ-ईच्या आधी कळतं. ह्या कापडात एकही धागा दोन बोटांपलीकडे जात नव्हता. तिच्या गळ्यातलं भिंग मी जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि कापडाला लावलं. आणि मग मला दिसलं. एका चौकोनाला दुसरा चौकोन भिडलेला, दुसऱ्यावर तिसरा थोडासा चढलेला, असे शेकडो, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधे गिरणीचं असं काही नव्हतंच.

मी खाली फरशीवरच बसले.

ही पद्धत मला ठाऊक होती, हेच तर भयंकर. आमच्याकडे शिकाऊ माणसाला एक कापड मिळायचं. त्याच्या मधोमध आपणच भोक पाडायचं, त्याच कापडाच्या कडेचे धागे काढायचे आणि भोक भरायचं. झालं की शेजारी दुसरं. कड संपत जायची आणि मधला भाग पुन्हा विणला जायचा. हात बसला की ते कापड टाकून द्यायचे आणि गिऱ्हाइकांचे कोट हातात घ्यायचे. वडिलांनी आठ महिन्यांत टाकलं होतं. मी तीन आठवड्यांत टाकलं, तेही रडत.

‘मी टाकलं नाही,’ आत्या म्हणाली. ‘दर सुट्टीला एक भोक. हजारापर्यंत मोजली, मग कंटाळा आला मोजायचा. पांघरून झोपता येईल एवढं होतं ते. कडेचं सगळं मधे येत गेलं. डोळे जायच्या आधीच्या सुट्टीपर्यंत केलं.’

अकराव्या वर्षापासून. मी मनात हिशेब करायला गेले आणि सोडून दिला. साठ वर्षं तरी भरत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात. मी तर दिव्यालाच कात्री लावली होती. मी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि काय काय बडबडले. तू मला मार म्हणाले, शिव्या दे म्हणाले. वाट बघत राहिले. काहीच येईना, तेव्हा मान वर केली.

आत्या हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, हिला काहीतरी झालं. मी घाबरून मालकीणबाईंना हाक मारली.

‘अगं, पाणी नको मला,’ आत्या म्हणाली. ‘कोरं वाटलं! तू धुतलंस, कापलंस, धागे ओढलेस, आणि तुला कोरं वाटलं! घाईबाई, एवढी वर्षं मला कुणालातरी विचारायचं होतं, जमलंय का म्हणून. पण विचारणार कसं? विचारायचं म्हणजे दाखवायचं, आणि दाखवलं की माणूस शोधतो. बाबा गेले, दादा गेला. तू उरलीस. घरातली, शिकलेली, डोळे धड असलेली.’

‘मग सांगायचं होतंस ना!’ मी किंचाळलेच. ‘बघ तू म्हणे! हे काय सांगणं झालं?’

‘सांगितलं असतं तर तू बघितलं असतंस,’ ती म्हणाली.

मला संताप आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त, मला तिची भीती वाटली. माझा आंधळेपणा हे तिचं बक्षीस होतं आणि ती ते लहान मुलासारखं छातीशी धरून बसली होती. मी विचारलं, ‘दुकानातलं काम पोटासाठी होतं. हे कशासाठी केलंस?’

तिने खांदे उडवले. ‘दुकानात कोट त्यांचे, भोकंही त्यांचीच. हे भोक मी पाडायची. माझ्या मनाने, मला हवं तिथे. बरं वाटायचं.’

कारागीर दुसऱ्याने पाडलेलं भोक बुजवतो आणि कलावंत आपलं भोक आपण पाडतो, असं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना ऐकवत आले होते. माझा सिद्धांत म्हणून! कारागीर म्हणजे कोण, असं कुणी विचारलं की डोळ्यांसमोर मागच्या खोलीतली आत्या असायची. त्या क्षणी कुणी माझ्या तोंडात मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

एव्हाना मालकीणबाई जवळ येऊन सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांचे डोळे चमकायला लागले. ‘अहो, हे तर केवढं मोठं आहे! आपण सगळी कार्डं बदलू. चारला ती बातमीदार येतेय, तिला पहिल्यांदा हेच सांगू. आजी, तुमचा फोटो—’

‘नाही,’ आत्या म्हणाली.

‘अहो, पण जगाला कळायला नको?’

‘कळलं की येतील भिंगं घेऊन. आणि शोधलं की सापडतं. साठ वर्षांचं काम एका दुपारी बिघडवू नका, बाई. शब्द द्या मला.’ मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, नाइलाजाने मान हलवली आणि पाय ओढत टेबलाकडे गेल्या.

‘मी गप्प बसणार नाही,’ मी म्हणाले. ‘मी हे तुकडे कुणालाही देणार नाही आणि सगळं सांगणार. तुझ्यावर आधीच अन्याय झालाय. पाटीवर तू नव्हतीस, आता इथेही नाही? आणि वर माझं नाव? मी कसली ह्या घरातली, आत्या? मला धागासुद्धा ओळखता आला नाही.’

तिने माझा कान पकडला. पन्नाशीच्या बाईचा कान. ‘घरातली व्हायचंय ना तुला? केव्हापासून माझ्या मागे लागलीयेस, मला काय कळत नाही? मग एकदा काम करून गप्प बसून दाखव. तेवढंच तुला कधी जमलं नाही. बाकी हात वाईट नाही तुझा.’

हात वाईट नाही. एवढ्या वर्षांनी ऐकलं ते हे, आणि तेही कान पिळून.

बातमीदार बरोबर चारला आली. तरुण, चुणचुणीत, वही उघडूनच. मुळांचा प्रश्न आला. मी ठरलेल्या वाक्यासाठी तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर येईना. ‘घरी रफूचं काम चालायचं,’ एवढंच म्हणाले. मग ती नऊ चौकटींपाशी थांबली. वाकली. नाक कापडाला लागेल इतकी जवळ गेली.

‘ह्या कापडाचा पोत काहीतरी वेगळाच आहे. कुठून मिळवलंत?’

मालकीणबाईंनी टेबलावरून मान वर केली. मी आत्याकडे बघितलं. ती समोरच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, म्हणजे कडेने माझ्याकडेच बघत होती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अकरा वर्षांची मुलगी, ती टपली, सगळ्या सुट्ट्या. एक वाक्य सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराला आत्या कळली असती, आणि मला थोडं तरी हलकं वाटलं असतं.

‘साधंच आहे,’ मी म्हणाले. ‘एका जुन्या पेटीत पडलं होतं. कोरं.’

तिने तसं लिहून घेतलं. मग आत्याकडे वळली. ‘आणि ह्या?’

‘माझी आत्या.’

‘तुम्ही पण असं काही करता का, आजी?’

‘छे गं,’ आत्या म्हणाली. ‘मी आपली दुकानात मागे बसायची.’

मुलगी गोड हसली. फोटोसाठी तिने मला चौकटींसमोर उभं केलं, फोन वर धरला, दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, ‘आजी, जरा बाजूला व्हाल? तुम्ही फोटोत येताय.’

मी काहीतरी बोलणार होते. फार वाईट बोलणार होते. पण आत्या आधीच उठली होती. तिने आपली खुर्ची आपणच उचलली, खांबाला चाचपत त्याच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि तिथून मला हाक मारली. उभ्या आयुष्यात तिचा आवाज मी इतका आनंदी ऐकला नव्हता.

‘आता दिसत नाही ना मी?’

‘नाही,’ मी म्हणाले, आणि फोटो निघाला.